प्रत, प्रतिमा आणि पहिली जाग

मराठी समीक्षेत 'प्रतिमा' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की त्याला एखादा काटेकोर अर्थही असू शकेल, हे सहसा ध्यानात येत नाही. कवितेतील प्रतिमा, कादंबरीतील स्त्रीप्रतिमा, लेखकाची जनमानसातील प्रतिमा अशा सर्व ठिकाणी एक गोष्ट गृहीत असते. ती ही की मूळ वस्तू वेगळी आणि प्रतिमा वेगळी. प्रतिमा मुळाची आठवण करून देते, मुळाचे काम करीत नाही. संगणकाच्या क्षेत्रात मात्र 'इमेज' हा शब्द जवळजवळ उलट अर्थाने रुजला आहे. तेथे इमेज म्हणजे एखाद्या डिस्कची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत उतरवलेली प्रत. ती दुसऱ्या डिस्कवर लिहिली की ती डिस्कही मुळाइतकीच मूळ ठरते. तिच्यावरून यंत्र सुरू होते. गेली काही वर्षे या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमांशी माझा नित्याचा संबंध आला आणि त्या निमित्ताने पाठ, प्रत, लेखनिक, पाठशुद्धी या आपल्या शास्त्रातील जुन्या संज्ञांकडे नव्याने पाहावेसे वाटू लागले. त्याविषयी हे टिपण.

संदर्भ थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते. आमच्या विभागाकडे जात्यावरच्या ओव्यांचा एक संग्रह आहे. आमचे एक निवृत्त सर सेवेत असताना सुट्टीच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून हिंडत आणि बायकांच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या वहीत टिपून घेत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या प्रचंड कार्यापुढे आमचा संग्रह म्हणजे ओंजळभर पाणी. चार वह्या, अकराशेच्या आसपास ओव्या आणि काही ध्वनिफिती, एवढाच त्याचा विस्तार. परंतु या ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत आणि त्यांच्या घरांतील जातीही उंबऱ्याबाहेर गेली आहेत. वह्यांची पाने स्कॅन करून झाली, फिती संगणकात उतरवून झाल्या. मग प्रश्न आला की हे सारे ठेवायचे कोठे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडायचे कसे? इंटरनेट असून नसल्यासारखे, विजेचा भरवसा नाही आणि विभागाला मिळणारी रक्कम सांगण्याजोगी नाही.

संगणक विभागातील एका सहकाऱ्यांनी रास्पबेरी पाय हे यंत्र सुचवले. केंब्रिजमधील याच नावाच्या संस्थेने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ते प्रथम विक्रीस आणले, तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. संगणक शिकू पाहणाऱ्या मुलांच्या हाती मोडतोड करून पाहण्याजोगे एखादे स्वस्त यंत्र असावे, हा त्यामागील हेतू. ओळखपत्राएवढी एक हिरवी पाटी, जुना मॉनिटर जोडला की संपूर्ण संगणक. आम्ही अशी पाच यंत्रे घेतली. त्यांवर लिनक्स प्रणाली, ओव्यांचा संग्रह, स्वामित्वहक्क संपलेले काही मराठी ग्रंथ आणि इंटरनेटशिवाय वाचता येणारा मराठी विकिपीडिया, असा संसार मांडला. या यंत्राच्या पोटात स्वतःची डिस्क नसते. त्याचे सर्वस्व नखाएवढ्या मेमरी कार्डात असते. कार्ड काढले की ते निव्वळ पाटी. कार्ड घातले की वाचनालय.

ही कार्डे तयार करण्याचे काम मी स्वतः अंगावर घेतले. शिक्षककक्षात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलेही, "मॅडम, हे कारकुनी काम तुम्ही कशाला करता? एखाद्या पोराला सांगा." या प्रश्नात प्रत करणे ही बुद्धीची गोष्ट नव्हे, असे एक गृहीतक आहे. साहित्याच्या अभ्यासकांच्या मनात ते खोल रुतलेले असते. आपण निर्मितीला मान देतो, समीक्षेला देतो, संपादनालाही हल्ली देऊ लागलो आहोत. लेखनिकाला मात्र नाही. म्हणूनच या कामाचे अंतरंग थोडे तपशिलाने मांडते.

पहिल्या वर्षी तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी मदतीला होता. त्याने इमेजची फाइल उतरवून घेतली, माउसने ओढून कार्डात टाकली आणि कार्ड यंत्रात बसवले. थोड्या वेळाने तो आला.

"मॅडम, फाइल कार्डात गेली, पण मशीन चालू होईना."

"चालू होईना म्हणजे नेमके काय होते?"

"लाल दिवा लागतो. हिरवा लुकलुकतच नाही. स्क्रीन काळीच."

त्याने केलेली कृती साध्या अर्थाने बरोबरच होती. फाइल कार्डात होतीच. परंतु ती होती पेटीत ठेवलेल्या बांधलेल्या पोथीसारखी. यंत्राला पेटी उघडता येत नाही, पोथी सोडता येत नाही. इमेज कार्डात ठेवायची नसते, ती कार्डावर लिहायची असते. म्हणजे कार्डावर आधी असलेली सारी रचना पुसून, फाइलीतील पहिला बाइट कार्डाच्या पहिल्या जागी, दुसरा दुसऱ्या जागी, असे अखेरपर्यंत. लिहून झाल्यावर कार्डात फाइल दिसत नाही, कारण आता कार्ड हीच ती फाइल असते.

हा भेद यंत्राच्या जागे होण्याच्या रीतीतून स्पष्ट होतो. वीज मिळाली तेव्हा यंत्राला काहीच ठाऊक नसते. प्रणाली काय, फाइल काय, पडदा कोठे, काहीही नाही. आमच्याकडील यंत्रात चिपमध्ये कायमची कोरलेली एक अत्यल्प आज्ञावली असते. तिला एवढेच कळते की कार्डाच्या आरंभीचे ५१२ बाइट वाचावेत, त्यांतील कोष्टकावरून पहिला विभाग कोठे सुरू होतो ते पाहावे आणि तेथील एक ठरावीक नावाची छोटी फाइल उचलावी. ती फाइल पुढची मोठी फाइल उचलते, ती मांडणीच्या सूचना वाचते, मग लिनक्सचा गाभा स्मृतीत येतो आणि तो गाभा दुसऱ्या, मोठ्या विभागातील सारा संसार उघडतो. बाराखडी येणाऱ्याने शब्द वाचावा, शब्द वाचणाऱ्याने वाक्य, वाक्य वाचणाऱ्याने ग्रंथ, असा हा क्रम आहे. आरंभीचे अक्षर ठरलेल्या जागी नसेल, तर पुढील ग्रंथ कितीही शुद्ध असो, तो कोणी उघडणारच नाही.

हे लेखन करणारी सोयीची साधने आज पुष्कळ आहेत. रास्पबेरी पायच्या निर्मात्यांनीच २०२० मध्ये असे एक साधन दिले. परंतु मला आवडते ती जुनी आज्ञा, डीडी. युनिक्समध्ये ती १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातच आली. तिची काहीशी विचित्र लेखनरीत आयबीएमच्या त्याहून जुन्या यंत्रांच्या भाषेवरून घेतलेली आहे. तिला दोन गोष्टी सांगायच्या, कोठून वाचायचे आणि कोठे लिहायचे. मधले तिला काही कळत नाही. समोरचा मजकूर ओवी आहे की चित्र, प्रणालीचा गाभा आहे की निव्वळ शून्ये, याची ती चौकशी करीत नाही. ती विचारतही नाही की लिहायच्या जागी आधीचे काही मोलाचे आहे काय. चुकून दुसऱ्या डिस्कचे नाव दिले, तर ती डिस्क तितक्याच निष्ठेने पुसली जाते. म्हणून जाणकार तिला थट्टेने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. आज्ञा देण्यापूर्वी जोडलेल्या डिस्कांची यादी काढून नाव दोनदा वाचणे, हा या कामातील पहिला नियम होय.

हे न कळणे दोष वाटेल. परंतु प्रत करण्याच्या क्षणी तोच गुण ठरतो. हस्तलिखितांच्या इतिहासात प्रती बिघडल्या त्या निव्वळ अज्ञानाने नव्हेत. पुष्कळदा त्या समजुतीने बिघडल्या. लेखनिकाला अर्थ कळतो, अर्थ कळला की जुना शब्द खटकतो, खटकला की तो बदलावासा वाटतो. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत इतके अपपाठ शिरले की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांना पाठशुद्धीचे काम हाती घ्यावे लागले. आणि काम संपवताना, यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालू नये, अशी ताकीदही द्यावी लागली. एकनाथांचे काम अर्थातच कळण्याचे होते. अनेक प्रती पाहून निवड करणे समजुतीखेरीज शक्य नाही. परंतु ती संपादकाची भूमिका आहे, लेखनिकाची नव्हे. या दोन भूमिका एकाच हातात, एकाच वेळी मिसळल्या की घोटाळा होतो.

याचा प्रत्यय आमच्याच वर्गात आला. सरांच्या वह्यांतील ओव्या संगणकावर टंकलिखित करण्याचे काम विद्यार्थ्यांना वाटून दिले होते. एका हुशार मुलीने पन्नास ओव्या सुवाच्य करून आणल्या. मुळाशी ताडून पाहिले तर 'म्या' चे 'मी' झाले होते, 'व्हतं' चे 'होतं', आणि ज्या दोन शब्दांचा अर्थ तिला लागला नाही, तेथे वृत्तात बसणारे दोन वेगळे शब्द आले होते.

"हे का बदलले गं?" मी विचारले.

"मॅडम, ते चुकीचं होतं ना?"

"घरी आजी कशी बोलते?"

ती थोडी थांबली आणि हसली. "असंच बोलते."

त्या मुलीला दोष देण्याचे कारण नाही. शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून तिला हेच शिकवले गेले की आजीची भाषा दुरुस्त करायची असते. तिला अर्थ कळत होता, व्याकरण कळत होते, म्हणूनच तिच्या प्रतीत आजी उरली नव्हती. डीडीसारखी अडाणी आज्ञा ही चूक कधीच करणार नाही. तिला 'म्या' आणि 'मी' यांतील प्रतिष्ठेचा फरक ठाऊकच नाही.

मात्र अज्ञान पुरेसे नसते, त्याला पडताळणीची जोड लागते. डीडी आपले काम संपल्याचे सांगते तेव्हा पुष्कळदा मजकुराचा काही भाग अद्याप संगणकाच्या स्मृतीतच रेंगाळत असतो, कार्डापर्यंत पोचलेला नसतो. तो पोचवण्याची वेगळी आज्ञा देऊन थांबावे लागते. त्या अर्ध्या मिनिटात घाईने कार्ड उपटले की प्रत अधुरी राहते आणि वरून पाहता ते समजतही नाही. शिवाय कार्डही प्रामाणिक असेलच असे नाही. वर ६४ गिगाबाइट असे छापलेले, आत त्याच्या आठव्या हिश्शाचीही जागा नसलेले कार्ड बाजारात मिळते. ते प्रत्येक बाइट स्वीकारल्याचे सांगते आणि जागा संपल्यावर येणारा मजकूर निमूटपणे गमावते. म्हणून लिहिलेले पुन्हा वाचून मुळाशी ताडणे आवश्यक असते.

मूळ फाइल शाबूत उतरली की नाही हे पाहण्याची एक रीत फार सुंदर आहे. संपूर्ण फाइलीवर गणिती प्रक्रिया करून ६४ चिन्हांची एक खूण काढतात. पाच गिगाबाइटच्या मजकुरात एका ठिकाणी शून्याचा एक झाला, तरी ती सारी खूण बदलून जाते. आपल्या पोथ्यांतही अध्यायाच्या अखेरीस ओवीसंख्या देण्याची चाल होती. तिने गळलेली किंवा वाढलेली ओवी सापडे, परंतु ओवीच्या आत बदललेला शब्द सापडत नसे. वेदपाठकांनी यापुढची मजल मारली होती. तीच पदे क्रमाने, उलटसुलट, जोडीजोडीने म्हणण्याचे जटा, घन इत्यादी पाठ त्यांनी सिद्ध केले, त्यामागे एकही स्वर ढळू नये हीच चिंता असली पाहिजे. आपल्याला माणूस चुकतो हे मान्य करण्यात कमीपणा वाटतो. ज्यांना पाठ टिकवायचा होता, त्यांनी मात्र चूक होणारच हे धरून रचना केली.

याच कामातील आणखी एक अनुभव मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. लिनक्सची इमेज लिहिलेले कार्ड दुसऱ्या एखाद्या प्रचलित प्रणालीच्या संगणकाला जोडले, तर तिला त्यातील मोठा विभाग वाचता येत नाही, कारण त्याची मांडणी तिच्या ओळखीची नसते. अशा वेळी 'ही मांडणी मला येत नाही' असे ती सांगत नाही. ती सांगते की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू काय? म्हणजे जे मला वाचता येत नाही ते कोरेच आहे आणि ते पुसून माझ्या लिपीत आखून घ्यावे. ठीकठाक चालणारी कार्डे केवळ या प्रश्नाला सवयीने 'हो' म्हटल्यामुळे पुसली जातात. मला येथे महानुभावांची सकळ लिपी आठवते. अक्षरांची अदलाबदल करून घडवलेल्या या सांकेतिक लिपीतील ग्रंथ पंथाबाहेरच्यांना शतकानुशतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांपुढे ती उलगडेपर्यंत प्राचीन मराठी गद्याचे एक अख्खे दालन आपल्या वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने जणू नव्हतेच. दालन रिकामे नव्हते. आपल्याला किल्ली नव्हती. ओवी सांगणाऱ्या बाईला आपण निरक्षर म्हणतो, तेव्हा कोरेपणा कोणाकडे असतो, हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारावा.

या साऱ्या खटाटोपाचे मोल एका पावसाळ्यात कळले. दिवसभर वीज जात-येत होती. यंत्र लिहीत असतानाच वीज गेली की कार्डावरील नोंदी विस्कटतात. एका यंत्राचे कार्ड असेच कायमचे गेले. दुसरे कार्ड घेतले, जपून ठेवलेली इमेज लिहिली, ताडून पाहिली. अर्ध्या तासात ते यंत्र पुन्हा ओव्या ऐकवू लागले. इमेजच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत, त्यांतील एक गावाबाहेर. कार्ड मेले, पाठ राहिला.

हे लिहिताना पाचव्या वहीची आठवण टाळता येत नाही. सरांच्या वह्या मुळात पाच होत्या. पाचवीत एकाच बाईने सांगितलेल्या दोन-अडीचशे ओव्या होत्या. कोण्या चर्चासत्राच्या निमित्ताने ती कोणीतरी नेली, ती परत आली नाही. तिची प्रत नव्हती. सरांना त्यांतील काही ओव्या पाठ आहेत. मी फोन केला की ते म्हणून दाखवतात आणि मी लिहून घेते. पण तीच ओवी दोन महिन्यांनी म्हणतात तेव्हा एखादा शब्द वेगळा येतो. "बाई, नेमकं काय होतं ते आता सांगता येत नाही," असे म्हणून ते थांबतात. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि पुढे अनुयायांच्या स्मरणावरून पाठ सिद्ध करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून वेगवेगळे पिढीपाठ आले. एम.ए.ला हे मी परीक्षेच्या प्रश्नासारखे वाचले होते. फोनच्या पलीकडे थांबलेल्या त्या आवाजात त्याचा अर्थ कळला. ज्या कामाला आपण कारकुनी म्हणतो, ते वेळेवर न झाल्याने काय जाते ते येथे दिसते. दोनशे ओव्यांतील शब्द जातात आणि ते सांगणारी बाई दुसऱ्यांदा जाते.

एवढे म्हटल्यावर कोणी विचारील की मग विद्यार्थ्यांनी केवळ नकलाच कराव्यात काय? गाइडमधून उतरवलेली उत्तरे तपासण्यात ज्यांच्या संध्याकाळी जातात, त्यांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. याचेही उत्तर इमेजच्या रचनेतच आहे. चांगली इमेज काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवते. कार्ड प्रथम जागे होते तेव्हा ते आपल्या वाट्याची सारी जागा व्यापून घेते, स्वतःच्या ओळखीच्या गुप्त किल्ल्या स्वतः घडवते, स्वतःचे नाव घेते. ही पहिली जाग प्रत्येक प्रतीची स्वतंत्र असते. याउलट, एकदा चालून गेलेल्या कार्डावरून सरसकट प्रती काढल्या, तर सर्व यंत्रांच्या किल्ल्या एकच होतात. एकीचे कुलूप उघडले की सर्वांचे उघडते. रास्पबेरी पायच्या प्रणालीत एप्रिल २०२२ पर्यंत सर्व प्रतींना आरंभी एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द असे. तो धोका ओळखूनच ती प्रथा बंद करण्यात आली. आता पहिल्या जागेच्या वेळी ज्याचे त्याने नाव ठरवायचे.

गाइडमधील उत्तर ही अशी चालून गेलेल्या कार्डाची प्रत आहे. त्यात दुसऱ्याची जाग आधीच लिहिलेली असते. पाठ विद्यार्थ्याला अक्षरशः द्यावा, जाग देऊ नये. म्हणून सध्या मी ओव्यांचे काम तीन टप्प्यांत करून घेते. प्रथम ओवी हाताने जशीच्या तशी उतरायची, न कळलेला शब्दही तसाच. मग दोघांनी समोरासमोर बसून, एकाने मूळ आणि दुसऱ्याने प्रत मोठ्याने वाचून ताडायची. आणि त्यानंतरच, कोऱ्या पानावर, ती ओवी आपल्याला काय म्हणते ते लिहायचे. पहिल्या दोन टप्प्यांचा मुलांना कंटाळा येतो, हे खरे. 'म्या' ला 'मी' करणारी ती मुलगी आता ताडून पाहण्याच्या कामात सर्वांत कडक आहे. परवा तिने माझ्याच प्रतीतील एका अनुस्वारावर बोट ठेवले आणि मूळ वही मागितली.